खिडकीचे कौतुक

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. अभ्यासाच्या टेबलावरचा नव्हे, फोटो स्टुडिओतला. तीन पायांचा स्टँड, त्यावर पातेल्याएवढे पत्र्याचे डोके आणि त्यात डोळे दिपवणारा बल्ब, असा माझा थाट होता. आता पत्र्याला पोचे पडले आहेत. पण आधीच सांगून टाकतो, मला एका खिडकीचा हेवा वाटतो. तुम्हाला हसू आले तर खुशाल हसा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पत्रा ठोकून ठोकून मला गोल केले आणि आतून चांदीसारखे चकचकीत केले. एका तरुण फोटोवाल्याने मला दुकानात पाहिले आणि खांद्यावर टाकून थेट आपल्या स्टुडिओत आणले. तळमजल्यावरची एकच खोली. तिथे मुख्यतः जोडप्यांचे फोटो निघत. नवी जोडपी येत, मुरलेली येत, वाटेत भांडून आलेलीही येत. फोटोवाल्याची एक पद्धत होती. दोघांपैकी जो कमी बोले, त्याला तो उजेडाच्या बाजूला बसवी. "बोलणाऱ्याचा चेहरा कुठेही उठून दिसतो," तो म्हणे. त्यामुळे गप्प माणसे नेहमी माझ्या वाट्याला. मी असा काही तापत असे की नवरेमंडळी घामाघूम होत. पण फोटो हातात पडला की म्हणत, "वा! काय लख्ख आलाय!" ते ऐकून मी फुगून जात असे.

फक्त एका व्यक्तीशी माझे जमले नाही, ती म्हणजे फोटोवाल्याची बायको. लग्नानंतर दोघे माझ्यासमोर बसले. मी जीव ओतून उजेड पाडला आणि फोटोत तिचे डोळे घट्ट मिटलेले! पुन्हा काढला, पुन्हा तेच. पुढे पुढे तर माझ्या बटणाकडे कोणाचा हात गेला तरी तिच्या पापण्या खाली येत. तोच फोटो भिंतीवर लागला. गिऱ्हाइकांना ती सांगे, "हा माझा झोपेतला फोटो." सगळे खो खो हसत. मला मात्र ते फार लागत असे. तिचे उघडे डोळे एकदा तरी माझ्या उजेडात यावेत, एवढीच माझी इच्छा होती.

आणि मग ती खिडकी उपटली. म्हणजे होती आधीपासूनच, पण कपाटामागे तोंड लपवून. एकदा जोडपे सजून बसलेले असताना वीज गेली. फोटोवाला नुसता हात चोळत उभा. बायकोने कपाटाला खांदा लावून ते बाजूला सारले, काच पुसली, वर पातळ पांढरा पडदा टांगला आणि म्हणाली, "घ्या, हा दिवा वीज नसतानाही चालतो." जोडपे खिडकीशी बसले. अंधाऱ्या गालावर उजेड परतावा म्हणून ती स्वतः पांढरा पुठ्ठा धरून पलीकडे उभी राहिली. फोटो तयार झाला तेव्हा फोटोवाल्याने तो बायकोपुढे धरला.

"अगं, ही दोघं फोटोला बसलीयत असं वाटतच नाही," तो म्हणाला. "घरात बसल्यासारखी वाटतायत."

झाले! त्या दिवसापासून सगळीकडे खिडकीचा उदोउदो. "किती मऊ उजेड!" "चेहरा कसा शांत दिसतो!" माझा नुसता जळफळाट होई. मित्रांनो, ती करते तरी काय? भिंतीला पडलेले एक चौकोनी भोक ते! ना तिला बल्ब, ना वायर, ना ती कधी तापली. उजेड सूर्याचा, मऊपणा पडद्याचा आणि मान मात्र हिला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवू लागले. ढग आले की मी मनातल्या मनात टाळ्या पिटत असे.

फोटोवाल्याची मुलगी मोठी झाली, कॅमेरा शिकली. तिने ठरवले की आईबाबांचा जोडीने फोटो आपण काढायचा, खिडकीशी. आईचे डोळे उघडे असलेला. दिवसही ठरला. पण त्याआधीच खिडकीसमोर बांधत असलेली इमारत वर चढली, मधे जेमतेम बोळ उरला आणि खिडकीत भरदुपारी अंधार पडला. माझा आनंद गगनात मावेना. जिरली!

बायकोने पडदा हाताने चाचपला. "राहू दे गं, आमचा झोपेतला आहेच की," असे म्हणून ती हसली, पण पडदा काही तिने हातातून सोडला नाही. मला तेवढ्यापुरते बरे वाटले नाही.

ती बाहेर गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दिवा आहे की!"

"तिच्यासमोर दिव्याचं नाव काढू नकोस. नावानंच डोळे मिटेल."

"नावच काढायचं नाही."

दोघांनी मला पुसले, नवा बल्ब बसवला. मी हरखून गेलो. आता खोलीच्या मधोमध माझी जागा! पण त्यांनी मला उचलले ते दाराबाहेर, थेट मागच्या बोळात. डोक्यावर पत्र्याचा तुकडा आणि समोर त्याच खिडकीची पाठ. तिला त्यांनी दुधी काच बसवली होती, म्हणजे आतून मी दिसायला नको.

ठरलेल्या दिवशी मुलीने मला आधीच पेटवले. मी बोळातून पाहत होतो. काचेमागे दोन धूसर आकृत्या येऊन बसल्या. कमी बोलणारा तो, म्हणून तो खिडकीशी बसला. पांढरा पुठ्ठा या वेळी खुर्चीला टेकवला असावा.

"अहो, हा उजेड आला कुठून?" तिचा आवाज.

"समोरची भिंत पांढरी रंगवलीय ना, तिच्यावरून येतोय," फोटोवाल्याने ठोकून दिले.

मी जीव ओतून जळत होतो. मग मुलगी ओरडलीच, "आई! उघडे आहेत! तुझे डोळे उघडे आहेत!"

आत हशा पिकला, कोणीतरी नाक ओढले. आणि ती म्हणाली, "बघितलंत? एवढी इमारत आली तरी माझी खिडकी हरली नाही."

माझी खिडकी!

आता मी रोज बोळातच जळत असतो. सकाळी ती खिडकीची काच आतून मायेने पुसते, तिचा हात मला धूसर दिसतो. माझ्या तोंडावर धूळ बसली आहे, मांजरे अंग घासून जातात. जोडपी येतात, खिडकीचे कौतुक करून जातात. मित्रांनो, खिडक्या जरूर पुसा. पण कुठे छान उजेड दिसला तर एकदा मागे जाऊन बघा, कोणी उभे असेल तर त्याच्यावरून फडका फिरवा.

आणि त्या स्टुडिओत कधी गेलात तर माझे एक काम करा. तो नवा फोटो आतल्या भिंतीवर लावला आहे म्हणतात. तिचे डोळे कसे आहेत, एवढे मला बोळात येऊन सांगा. त्या खिडकीने पाहिले आहेत, मी नाही.