गुडघ्यापुरता बूट

मेंढीची लोकर. कितीही धुतली तरी ओली झाली की मेंढीचाच वास.

करंगळीएवढं पातं.

साबणाच्या फेसात बुडालेल्या शत्रूच्या पँटी.

उंचावर थुंकी गोठते. लंब्यानं थुंकून पाहिलं होतं.

एका म्हातारीचे गुडघे, उकडलेल्या बटाट्यांसारखे.

चेन. आता ती वरही जात नाही आणि खालीही येत नाही.

मित्रांनो, मी एका जुन्या बुटाचा वरचा भाग आहे. फक्त वरचा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा. माझं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं, कारण मी स्वतःच तुकडा आहे. सगळं ओळीनं मांडायचा आता कंटाळाही येतो. तरी मांडतो.

एका लांबलचक शेडमध्ये आम्हाला शिवलं. युद्ध चालू होतं. मुकादमानं नमुन्याचा बूट उंच धरला आणि शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, "विमानात याचा एकही टाका हलता कामा नये. आणि जमिनीवर पात्याच्या एका ओढीत वरचा सगळा भाग सुटून आला पाहिजे."

"मुकादम, बुटाचं सांगताय की लग्नाचं?" एकीनं विचारलं. मशिनं थांबवून सगळ्या हसल्या. मुकादमही हसला आणि मग म्हणाला, चला, हात चालवा.

कारण असं होतं. शत्रूच्या मुलखात उतरलेल्या वैमानिकाला त्याच्या उंच बुटांवरून शेंबडं पोरही ओळखायचं. आम्हाला कापून टाकलं की खाली साधे काळे, बंदांचे जोडे उरत. ते घालून चारचौघांत चालता येई. कापायचं पातं माझ्याच अस्तरात एका खिशात ठेवलेलं होतं. खालच्यांनी घरी पोचायचं आणि वरच्यांनी मागे राहायचं, हे आम्ही जन्मायच्या आधीच ठरलं होतं. मला त्याचं दुःख नव्हतं. आपली वेळ येणार नाही असं सगळ्यांनाच वाटतं.

माझ्या वैमानिकाला सगळे लंब्या म्हणत. विमानात त्याचे गुडघे सारखे कुठेतरी आपटायचे. "साहेब, तुम्हाला घडी घालूनच बसवायला हवं," असं मेकॅनिक म्हणायचा. वर थंडी अशी की श्वासाचा बर्फ मुखवट्याच्या कडेला साचायचा. "पाय गरम असले की भीती निम्मी होते," असं लंब्या एकदा म्हणाला. आयुष्यात झालेलं माझं कौतुक ते एवढंच. परत आला की तो खाटेच्या कडेवर बसून बूट काढायला घ्यायचा आणि एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत झोपून जायचा. खोलीत भिंतीशी बुटांची ओळ असे. नवे बूट येत राहिले, पण ओळ कधी लांब झाली नाही.

मग आमची वेळ आली. विमान पेटलं, लंब्यानं उडी मारली. हवाई छत्रीनं असा झटका दिला की साधा बूट पायातून निघूनच गेला असता. आम्ही टिकलो. त्या मुकादमाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

गावाच्या टोकाला कालव्याकाठी एक घर होतं. तिथं एक सून कपडे धुवायची आणि सासूबाई इस्त्री करायच्या. मुलाला युद्धानं केव्हाच नेलं होतं, त्याचा कोट तेवढा खुंटीला होता. छावणीतल्या शत्रूच्या शिपायांचे गणवेश धुवायला येत, त्यावरच चूल पेटे. पहाटे सून चादरी वाळत घालायला गेली आणि आल्या पावली परत फिरली.

"आई, दोरीखाली एक माणूस पडलाय."

"ओला आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

ओलाच होता. त्यांनी त्याला आत घेतला, अंग पुसलं, खाऊ घातलं, मुलाचा कोट दिला. लंब्यानं स्वतःच पातं काढलं. एक ओढ, मग दुसरी. इतकी वर्षं ज्याच्याशी शिवलेला होतो तो माझा खालचा भाग कोपऱ्यात वेगळा उभा राहिला, अगदी कुणाही माणसाच्या जोड्यासारखा. उजाडायच्या आत तो लंब्याला घेऊन निघूनही गेला.

उरलो आम्ही दोघे, डावा आणि उजवा.

"जाळून टाकते," सून म्हणाली.

"लोकर जाळतेस? गल्लीभर वास सुटेल."

"मग पाण्यात सोडते."

"तरंगेल."

"पुरते."

"जमीन बघ, दगड झालीये. आण ते इकडे."

सासूबाईंनी आम्हाला पायांत चढवलं, गुडघ्यांवर ओढलं, नाडीनं बांधलं आणि झगा खाली सोडला.

"आई, सापडलं तर जीव जाईल."

"जायचाच आहे. गरम गुडघ्यांनी जाऊ दे."

मित्रांनो, खरं सांगतो, आकाशात मी कधी एवढ्या उपयोगाचा नव्हतो. त्या बाई संधिवातानं स्टुलाला खिळल्या होत्या. त्या उभ्या राहून इस्त्री करू लागल्या. सूनबाई मात्र दाराची कडी वाजली की पांढरी पडायची.

आणि कडी वाजलीच. सासूबाईंनी इस्त्री सुनेच्या हातात दिली आणि त्या स्टुलावर बसल्या. नेहमी कपड्यांचं गाठोडं आणणारा शिपाई आला होता, पण या वेळी त्याच्या हातात बंदूक होती. शेजारच्या घरातून भांडी पडल्याचा आवाज येत होता.

"प्रत्येक घर बघायचा हुकूम आहे," तो म्हणाला. "आजी, उठा तिथून."

"तूच उठव बाबा. मी दोन वर्षं उठायला बघतेय."

त्यानं त्यांना काखेत धरून उठवलं. नाडी सैल झाली आणि माझा जोडीदार घसरत घसरत त्यांच्या घोट्यावर येऊन बसला. शिपाई उकिडवा बसला. त्यानं लोकर उलटी करून पाहिली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. सूनबाईच्या हातातली इस्त्री एका शर्टावर तशीच टेकलेली राहिली.

"हे कुठलं?"

"सुनेनं शिवलंय. हात बघ तिचे, ओबडधोबड. शिलाईही तशीच."

"ही शिलाई हातची नाही, आजी. माझ्या बापाचं चपलांचं दुकान आहे."

शिपायानं एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "नाक्यावर पहारा असतो. उभं राहून राहून गुडघे जातात."

सूनबाईला काही कळेना. सासूबाईंना कळलं.

"एकच मिळेल," त्या म्हणाल्या.

"दोन्ही घेतले तर?"

"दोन्ही नेलेस तर आमच्याकडे काय राहिलं? उद्या तू जाऊन सांगायला मोकळा. एक ने, एक मला ठेव. आमच्या घरी सापडला तर तुझ्या पायातलाही सापडेल. तू गप्प, आम्ही गप्प."

तो खालीच बसून राहिला. पोरगेलासा चेहरा, डोळ्यांखाली काळं. मग त्यानं पँट वर सरकवली, जोडीदाराला गुडघ्यावर बसवलं आणि उठला.

"शर्ट जळतोय," दारातून तो म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं ओरडून सांगितलं की इथं काही नाही.

पुढे तो दर आठवड्याला गाठोडं घेऊन येत राहिला.

"कसा आहे गुडघा?" सासूबाई विचारायच्या.

"एक बरा आहे. तुमचा?"

"एक बरा आहे."

एवढंच. मैत्री म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सूनबाई त्याच्याकडे पाहतही नसे.

एका आठवड्यात गाठोडं दुसऱ्याच शिपायानं आणून टाकलं. त्यात एक पँट होती. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला लोकरीचे बारीक तंतू चिकटले होते. सूनबाईनं ती धुतली. सासूबाईंनी बसून, सावकाश, तिला इस्त्री केली. पँट न्यायला कुणी आलं नाही. ती बरेच दिवस कोटाच्या रिकाम्या खुंटीला लटकत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. सासूबाई गेल्या. युद्ध संपलं. मी आधी गरम इस्त्री धरायचं फडकं झालो, मग मांजरीचं अंथरूण झालो, मग माळ्यावर गेलो. आता एका लहानशा संग्रहालयात काचेआड आहे. खाली पाटी आहे: वैमानिकाच्या बुटाचा भाग. मुलं येतात, नाक काचेला लावतात, पुढे विमानाच्या पंख्याच्या पात्याकडे पळतात. त्यांचं बरोबरच आहे. ते पातं जास्त चकाकतं.

मित्रांनो, इथं मी वस्तू जपा असं सांगायला हवं. जपाच. पण मला जपलंय, काच रोज पुसतात, कसरीचं औषध घालतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. जपलेल्या वस्तूपाशी थांबलात तर ती कुणाची होती एवढं विचारून पुढे जाऊ नका. ती आणखी कुणाकुणाच्या अंगाला लागली, तेही विचारा. पाटीवर सगळ्यांना जागा नसते. मी सांगायला तयार आहे, पण थकलोय, आणि काचेतून आवाजही जात नाही.

लंब्या झडतीच्या आदल्या दिवशी पकडला गेला होता. त्यानं कुठलं घर ते सांगितलं नाही.