डाव्या कानाचा सोबती

हॅलो! ऐकू येतंय ना? मी रिसिव्हर बोलतोय. काळा, जड, वेटोळ्या दोरीचा. आजवर माझ्यातून सगळं जग बोललं आणि मी बापडा गप्प बसलो. आज माझी पाळी.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी राहतो. मालकांनी मला आणलं त्याच आठवड्यात फोनवर बसायला ताई आली. आता तिलाच वाचायला चष्मा लागतो, इतकी आमची जुनी ओळख. दुकानदार फोनवर चष्म्याचा नंबर सांगतात, ताई तो पुन्हा म्हणून दाखवते, लिहिते, आणि चिठ्ठी आत जाते. आकडा चुकला की काच वाया. पेन उजव्या हातात, म्हणून मी कायम डाव्या कानाला. सकाळी आल्या आल्या ती त्या कानातलं काढून पेनांच्या डब्यात ठेवते. त्या कानाची मला खडान्‌खडा माहिती आहे!

दुपारी चारला मात्र नंबर नसतात. चारला तिच्या आईचा फोन. तो नेम मालकही मोडत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी ताईला माझा आवाज बसल्यासारखा वाटू लागला. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. दुरुस्तीवाला तीनदा आला. माझी दोरी बदलली, मला उघडून पुसलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, फोन ठणठणीत आहे. जरा दुसऱ्या कानाला लावून बघा."

तिनं लावून बघितलं आणि मला खाली ठेवायलाच विसरली.

डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, पण वाढू देऊन चालणार नव्हतं. रेडिएशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गाठ आटोक्यात राहील. ऐकू येणं मात्र हळूहळू कमी होऊ शकतं. किती आणि कधी, ते आज सांगता येणार नाही."

ताई कामावर परतली ती एक नवी सवय घेऊन. रोज सकाळी मला डाव्या कानाशी धरून माझी नुसती गुंईऽऽ ऐकायची. पहिले काही महिने ऐकू यायची. मग ती मला कानावर दाबून धरू लागली. तिच्या कानात आपसूक एक शिट्टी वाजायची. ती कानाची की माझी, हेच तिला कळेना. मी जीव तोडून गुणगुणायचो हो! पण माझ्या हाती तेवढंच होतं.

कुणी विचारलं की म्हणायची, "अगदी पहिल्यासारखं ऐकू येतंय." भीती एकच, हे टेबल जाईल. नंबर घेताना गुपचूप मला उजव्या कानाला लावायची, मग पेन ठेवून, आकडा घोकून लिहायची. पण आईशी बोलताना मी डाव्याच कानाला. तेवढा हट्ट तिनं सोडला नाही.

एके दिवशी चारला आई बोलता बोलता एकदम थांबली. ताई आपली चालूच. "हो ना... बरोबर आहे... बरं बरं." पलीकडे शब्द नाही आणि अलीकडे हुंकार चालू! आईनं फोन ठेवला, ताईनंही ठेवला. लगेच घंटी वाजली.

"उजव्या कानाला लाव गं!" आई अशी ओरडली की आत काच घासणाऱ्यांनी माना वर केल्या. मालक उठून आले. ऐकलं नाही ते फक्त डाव्या कानानं.

सगळ्यांचे चेहरे बघून ताईनं मला उजव्या कानाला लावलं.

"किती दिवस झाले?" आईनं हळू विचारलं.

"आई, तो कान गेला गं," ताई म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडली.

"गेला तर गेला. तू आहेस ना? आणि मला दुसऱ्या कानाशी बोलायला जास्त पैसे पडतात का?"

मालकांनी मला उचलून टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि पेनांचा डबा डावीकडे सरकवला. ताई डाव्या हातानं लिहायला शिकली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! घासणारे कुरकुरले तेव्हा मालक म्हणाले, "आकडा बरोबर आहे ना? मग चष्मा लावून वाचा."

आता माझ्या आवाजाला खरखर आली आहे. किती दिवसांचा सोबती, कोण जाणे. तुमच्याकडे एक मागणं आहे. कधीतरी फोन दोन्ही कानांना लावून बघा, आणि एका बाजूनं कमी ऐकू आलं तर आम्हा गरिबांवर आळ घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

ताई अजूनही रोज सकाळी मला क्षणभर डाव्या कानाशी धरते. ऐकू काहीच येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. तरी मी गुणगुणतो, ती हसते आणि मला उजवीकडे नेते.

बरं, चार वाजत आले. आईचा फोन येईल. ठेवतो.