तेहतीसच्या गतीवर

एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये आमच्या बँडची पहिली तबकडी निघाली. तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या डलूथ शहराजवळचं सरोवर अजून गोठलेलंच होतं. गिटारवर डेल किवेला, ड्रमवर आर्वो, आणि बेस वाजवत गाणारी मी. एकाही कंपनीनं आम्हाला दारात उभं केलं नव्हतं, म्हणून तबकडी आमची आम्हीच काढली. आर्वोच्या आईच्या चर्चच्या तळघरात बसून तीनशे कव्हरं हातानं चिकटवली. लेबलवरचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

डेलला मिनिआपोलिसच्या एका बँडनं बोलावलं होतं. तो म्हणाला, "शनिवारी कॉलेजच्या रेडिओवर आपलं गाणं लागेल. एकाचाही फोन आला नाही, तर सोमवारी मी चाललो. मग रडत बसू नका."

डेल गेला असता तर बँड संपला असता. आर्वो आणि मी दोघंच काय करणार होतो?

शनिवारी दुपारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात रेडिओभोवती बसलो. गाणं सुरू झालं. गिटार चिखलातून पाय उपसत चालल्यासारखी वाजत होती.

"हा बुवा कोण गातोय?" आर्वोनं विचारलं.

"मीच आहे ती, गाढवा!"

आवाज दणदणीत यावा म्हणून आम्ही ती मोठी तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या गतीवर कोरून घेतली होती. पण मोठी तबकडी दिसली की सगळे ती तेहतीसवर लावतात, आणि मग गाणं संथ होतं, बाईचा आवाजही पुरुषासारखा जाड येतो. गती लेबलवर लिहायची होती, आणि तेच मी विसरले होते.

"एल्ना, बाई, तू माझं जाणं सोपं केलंस," डेल म्हणाला.

मी रेडिओ स्टेशनला फोन लावला. 'बंद करा ते,' एवढंच सांगायचं होतं. लाइन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सहाव्यांदा निवेदक पोरगाच फोनवर आला. माझं नाव ऐकण्याआधीच ओरडला, "हो हो, परत लावतोय! पण त्या गाणाऱ्या माणसाचं नाव काय हो? मघापासून सगळे तेच विचारताहेत."

मी रिसीव्हर हातानं झाकून डेलकडे पाहिलं. "माझं नाव विचारताहेत. काय सांगू?"

रेडिओवर तेच जड, संथ गाणं पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी डेलचा पाय ठेका धरू लागला.

"खरं नाव सांग," तो म्हणाला. मग गिटार मांडीवर ओढून तो तारा सैल करू लागला. "आणि एवढ्या खालच्या पट्टीत गाता येतंय का बघ. नाही आलं तर सोमवारी शिकवीन."

मला तेव्हा आलं नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आलं. त्यानंतर एकतीस वर्षं आम्ही तसंच वाजवलं, आणि प्रत्येक तबकडी आमची आम्हीच काढली.