गुलाबसिंगच्या गिटारीचा जबाब

मी गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी गिटार. गोड बोलायचं काम मी दोन लग्नसराया केलं, दुसऱ्यांच्या मांडवात, दुसऱ्यांच्या आनंदासाठी. आज मी गोड बोलणार नाही.

आसेगावात मला 'खाणारा बाजा' म्हणतात. बायका पोरांना दटावतात, तांड्यातल्या त्या झोपडीकडे जाऊ नका, तिथं तो बाजा टांगलाय, त्यानं गुलाबसिंगला खाल्लं. मी खाल्लं! मला दात आहेत का? सहा तारा होत्या, त्यातली एक तुटली. पाच तारांच्या लाकडाला तुम्ही माणूस खाणारं ठरवता, आणि ज्यांना बत्तीस दात आहेत त्यांच्या पंगतीला जाऊन बसता.

माझा जन्म कुठं झाला हे मला नीट ठाऊक नाही. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात जाड फळी कापून मला घडवलं, एवढं कळतं. दुसऱ्या गिटारींचं पोट पोकळ असतं, माझं भरीव आहे. तारांखाली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी बसवली आहेत. तार थरथरली की ती थरथर वायरीतून आवाज मोठा करणाऱ्या पेटीत जाते आणि पेटी ती भोंग्यातून ओरडून सांगते. वायर काढली तर माझा आवाज माशीएवढा.

मला इकडं आणलं भुसावळच्या हेन्रीसाहेबानं. तो रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. शनिवारी गोऱ्या-अर्धगोऱ्यांच्या नाचाला तो मला वाजवायचा. इंग्रज गेल्यावर त्याचे भाईबंद एकेक करून निघून गेले, आणि सत्तावन्न साली त्यानंही ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. घरातली एकेक चीज तो विकत होता.

गुलाबसिंग पूर्वी भुसावळला रुळांच्या गँगमध्ये कामाला होता. नाचघराच्या खिडकीबाहेर उभं राहून त्यानं मला ऐकलं होतं, आणि नाच संपल्यावर साहेबानं त्याला तारांवर बोटं कशी धरायची तेही शिकवलं होतं. पुढं तो आसेगावजवळच्या आपल्या तांड्यात परत आला, लग्नांत बुलबुलतरंग वाजवू लागला, पण कान खिडकीपाशीच राहिला होता. साहेब निघाल्याचं कळताच तो धाकट्या भावाला, हेमलाला घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीत बसला.

साहेबानं खाटेवर आम्हा तिघींना मांडलं होतं. एक मोठ्या पोटाची, तुकतुकीत, दिसायला महाराणी. दुसरी मांडीवर आडवी घेऊन लोखंडाच्या तुकड्यानं वाजवायची. तिसरी मी.

हेमलानं मला पाहिलं आणि हसत सुटला. "भिया, हा तं पाट होय. याच्यावर पोया लाटाच्या का?"

"तू चूप बस," गुलाबसिंग म्हणाला. तांड्यात भावाला भिया म्हणतात.

त्यानं आम्हा तिघींवर तीच तीन गाणी वाजवून पाहिली. आधी लेंगी, म्हणजे होळीत तांडा जी गात नाचतो ती. मग ढावलो. सासरी निघालेली पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून गात रडते, ते गाणं. आणि शेवटी साहेबाच्या तबकडीवरचं रॉक अँड रोल, ज्याच्या ठेक्यावर बसलेला माणूस खुर्चीसकट उडतो.

मोठ्या पोटाचीनं ढावलो सुंदर म्हटला. पण रॉकसाठी पेटीचा आवाज वाढवला तशी ती डुक्कर कापल्यासारखी किंचाळली. आडवी फक्त रडत होती, लेंगीतही रडत होती. शिवाय वरातीत चालताना तिला मांडीवर कसं घ्यायचं?

माझ्या अंगावर एक छोटा खटका आहे. एका बाजूला केला की आवाज खोल जातो, विहिरीतून आल्यासारखा. दुसरीकडे केला की धारदार होतो. मधे ठेवला की दोन्ही वेटोळी एकदम बोलतात. गुलाबसिंगनं ढावलोला खोल आवाज लावला, लेंगीला मधला आणि रॉकला धारेचा. उभं राहून वाजवलं, चालत वाजवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"हेच पाह्यजे. एकच बाजा, पन सबन वाजवते. लगन असो का होळी."

हेमला आता हसत नव्हता. त्याचा पाय ठेका धरून हलत होता. काय किंमत ठरली ते मी सांगणार नाही. विकल्या गेलेल्या वस्तूला ते सांगायची लाज वाटते.

निघताना साहेबानं गुलाबसिंगचा दंड धरला. "ये बिजली का चीज है. कभी कभी करंट तार में आ जाता है. नंगे पैर कभी मत बजाना. समझा?"

गुलाबसिंग समजला होता. मंगरूळपीरच्या बाजारात त्यानं ट्रकच्या टायरच्या जाड चपला करून घेतल्या. झोपताना त्या उशाशी ठेवायचा. लोक चिडवत.

तांड्यात मी आले तेव्हा शेजारच्या कमलीबाईनं तोंडावर पदर घेऊन विचारलं, "दिव्याले घासलेट नाही अन् बाजाले वीज पाह्यजे? आनतं कुठून रे, आभायातून?"

वीज मंगरूळपीरच्या बबनरावकडं होती. बबनराव म्हणजे भोंगेवाला. लग्नात भोंगे लावायला त्याचं तेलावरचं इंजिन होतं. बैलगाडीत ते इंजिन पुढं आणि मी मागं, कडब्यात गुंडाळलेली, असे आम्ही गावोगाव हिंडलो. हेमला नगारा वाजवायचा. त्या होळीला गुलाबसिंगनं लेंगीखाली रॉकचा ठेका घातला आणि सगळा तांडा उठला. म्हातारे आधी शिव्या देत होते, मग तेही उठले. कमलीबाई सगळ्यांत पुढं होती.

मी सुखी होते. एवढं बोलून ही गोष्ट मी संपवली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वैशाखात आसेगावच्या उकंडरावच्या पोरीचं लग्न आलं. उकंडराव मोठा शेतकरी, अर्धा तांडा त्याच्या वावरात राबतो. भर दुपारचा मुहूर्त. मांडवाची जमीन नुकतीच शेणानं सारवलेली, धूळ उडू नये म्हणून वर पाणी शिंपडलेलं. मधोमध नवरदेवाचे पाय धुतलेले, तेही पाणी पसरलेलं. बबनरावनं मांडवामागं इंजिन चालू करून ठेवलं होतं.

गुलाबसिंग मला गळ्यात घालून मांडवाच्या तोंडाशी आला. उकंडराव तिथंच उभा होता.

"चपला काढ बे."

"मालक, चपला ठेवा लागते. विजेचं काम हाय."

"जावयाचे पाय धुऊन राह्यलो आमी इथं, अन् तू टायर घालून येतं मांडवात?"

"मंग मी भायेर उभा राहून वाजवतो. आवाज तेवढाच येते."

"भायेर कायले? पाव्हन्याईले दिसलं पाह्यजे ना, उकंडरावनं विजेचा बाजा आनला म्हनून! काढ. लाड नको करू."

"भिया, नको काढू," हेमला मागून म्हणाला. "चाल, वापस जाऊ."

गुलाबसिंगनं मागं पाहिलं. तांड्यातली निम्मी माणसं मांडवात पाणी वाढत होती, पत्रावळी टाकत होती. आपण परतलो तर उद्या त्यांना वावराच्या बांधावरून परत पाठवतील, हे त्याला दिसत होतं. "एक गानं वाजवतो अन् निंगतो," तो म्हणाला आणि चपला काढल्या. ओल्या शेणावर त्याचे पाय उमटले.

गाणं सुरू झालं. आणि मग इंजिनातून पेटीत, पेटीतून माझ्या तारांत ते आलं. आधी कधी आलं नव्हतं असं नाही. पण त्या वेळी त्याच्या पायाखाली टायर असायचं. आता माझ्या तारांपासून भिजलेल्या जमिनीपर्यंत मधे फक्त गुलाबसिंग होता.

त्याची बोटं माझ्या गळ्यावर आवळली. वाजवणाऱ्याची बोटं अशी धरत नाहीत. मला ती सोडवता येत नव्हती. भोंग्यातून एकच सूर लांबत राहिला, लांबत राहिला, आणि पाहुण्यांना वाटलं हीच या बाजाची करामत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ऐकताय का? टाळ्या!

हेमलानं नगारा फेकला आणि वायर उपटली. तोवर संपलं होतं. मी त्याच्या छातीवर पालथी पडले होते. छाती हलत नव्हती.

आणि लग्न थांबलं नाही. मुहूर्त टळू नये म्हणून गुलाबसिंगला गाड्यांच्या छपरात नेऊन निजवलं, वर एक सतरंजी टाकली. तिकडं अक्षता पडल्या. पंगती उठल्या. हेमला छपरात बसून होता, आणि कोणीतरी त्याच्यापुढंही पत्रावळ आणून ठेवली.

संध्याकाळपर्यंत गावात ठरलं होतं की बाजा अपशकुनी आहे. बबनरावला हेमलानं विचारलं, चपला काढायला लावल्या ते तू ऐकलंस ना? तो म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात मले काय आयकू येते, भाऊ?" इंजिन मांडवामागं होतं. बबनराव तेव्हा पुढं, पान खात, उकंडरावच्या शेजारी उभा होता. मी पाहिलंय.

दिवस-कार्य झाल्यावर उकंडरावचा दिवाणजी नानाजी तांड्यात आला. गाडीवर जवारीचं पोतं होतं. तांड्याचा प्रमुख, नायक गोविंदसिंग, त्याच्या दारासमोर सगळे जमले. नानाजी म्हणाला, "मालकाले लय वाईट वाटलं. हे पोतं पाठवलं. फक्त तो बाजा चारचौघांसमोर फोडून टाका, म्हंजे बोल मिटला."

हेमला उसळला. "बोल कोनाचा? चपला कोनं काढाले लावल्या, ते बोला आधी!"

नायकानं त्याला दाबलं. "हेमला, गप. मांडवात चपला समदेच काढतात. आन् आमाले त्याच्याच वावरात जा लागते."

गुलाबसिंगची आई हिरीबाई भिंतीला टेकून बसली होती. तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आईच. तिनं माझ्याकडं न पाहता म्हटलं, "फोड. माह्या डोयासमोर नको ते."

मला अंगणात मधोमध ठेवलं. हेमलाच्या हातात कुऱ्हाड दिली. भाऊ त्याचा, म्हणून मान त्याचा! असले मान द्यायला तुम्ही माणसं किती तत्पर असता.

त्यानं कुऱ्हाड उचलली. मी त्याचा चेहरा खालून पाहत होते. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं, एकदा नानाजीकडं. मग वळला आणि सगळ्या अंगानिशी घाव घातला, तो पोत्यावर. पोतं उभं फाटलं. जवारी अंगणभर उधळली, नानाजीच्या जोड्यांवर गेली.

"ने म्हना त्याले येचून!" हेमला ओरडला. "माह्या भावाचा भाव जवारीत करतं का? तुमी सारे होते ना तिथं? एकानं तरी सांगा, चपला कोनं काढाले लावल्या! सांगा ना!"

तिथं पाणी वाढणारे होते, पत्रावळी टाकणारे होते. सगळे दाण्यांकडं पाहत राहिले. कोंबड्या धावल्या.

याडी उठली. मला वाटलं ती कुऱ्हाड घेते. तिनं मला काखेत मारलं, झोपडीत नेलं आणि खुंटीला टांगलं, तोंड भिंतीकडं करून. तिनं मला माफ केलं नाही. पण फोडूही दिलं नाही.

त्या हंगामात उकंडरावनं तांड्याला काम दिलं नाही. लोकांनी हेमलालाच शिव्या घातल्या. शेवटी तो एका दूरच्या जिनिंगात सरकी उपसायला निघून गेला. मी इथंच आहे. लाकूड फुगलंय, वेटोळ्यांत कोळ्यांनी जाळी केली. याडी रोज झाडू मारते, माझ्याखालूनही मारते, पण वर पाहत नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या लग्नाला होतं का? पहिल्या पंगतीत? मग तुम्ही ऐकलंय. मला पुन्हा कोणी वाजवावं असं मी मागत नाही. एकानं आसेगावच्या चावडीवर दिवसाउजेडी उभं राहून एवढंच म्हणावं: चपला उकंडरावनं काढायला लावल्या. त्यानंतर मला फोडा, चुलीत घाला, तुमच्या भाकरी भाजा. मी कुरकुरणार नाही.

पण हे कोणी म्हणेपर्यंत याडीच्या घरात मला 'खाणारा बाजा' म्हणायला येऊ नका. कुऱ्हाड अजून दाराआडच आहे, आणि हेमला दिवाळीला घरी येतो.