लंबगोलाबाहेरची माणसं

खोटा आकडा ऋचाने एकही लिहिला नव्हता. आलेखाची चौकट तेवढी जराशी आखूड केली होती. गेला महिनाभर ती स्वतःला हेच बजावत होती, आणि मन काही ऐकत नव्हतं.

हडपसरच्या एका ऑफिसात ती आकडेवारीचं काम करायची. सदाशिव पेठेतल्या डॉक्टर श्रीधरांनी रक्तदाबाच्या गोळीची माहिती पाठवली होती: रुग्णाचं वय, आणि उभं राहिल्यावर दाब किती घसरतो; फार घसरला की चक्कर येते. पडद्यावर एका रुग्णाचा एक ठिपका. ठिपक्यांची गर्दी कुठे दाट, कुठे विरळ, हे दाखवणाऱ्या रेषा सॉफ्टवेअर आखून देतं. इथे बहुतेक गर्दी एका कोपऱ्यात होती, आणि दाब फार घसरलेल्या काही वयस्कर माणसांचे ठिपके शेपटीसारखे लांबवर गेले होते. अशा एकीकडे कललेल्या गर्दीसाठी वेगळी कमांड असते. ती दिली की रेषा वेड्यावाकड्या येत होत्या. दुरुस्त करत बसायचा ऋचाला कंटाळा आला. तिने नेहमीची कमांड दिली, सुबक लंबगोल उमटले. शेपटीतले ठिपके तरी बाहेर लोंबतच होते, म्हणून तिने आलेखाचा अक्षच अलीकडे संपवला; ते ठिपके चित्रातून गेले. एवढं शिकलेल्या मुलीने तेव्हा थांबायला हवं होतं. पण चहाची वेळ झाली होती.

काल डॉक्टरांचा फोन आला. "तुमचं चित्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. एक बाई या गोळीने चक्कर येते म्हणून डोकं खात होत्या. त्यांना दाखवलं, म्हटलं, बघा, असं कुणालाच होत नाही."

ऋचाने संध्याकाळीच योग्य कमांड देऊन, पूर्ण चौकटीत नवा आलेख काढला आणि सकाळी दवाखाना गाठला. डॉक्टर आत रुग्ण तपासत होते. बाहेर बाकावर हाताला प्लॅस्टर घातलेल्या एक आजी होत्या, सुशीलाबाई.

"जिन्यावरून पडले गं," त्या आपणहून म्हणाल्या. "चक्कर येते म्हणून डॉक्टरांना उगाच त्रास दिला. त्यांनी कागद दाखवला, त्यात कुणालाच होत नाही. म्हटलं, माझ्याच मनाचे खेळ. मग कठडा न धरताच उतरायला लागले."

ऋचाला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने पिशवीतून नवा कागद काढला.

"आजी, तो कागद मी केला होता. तुमच्यासारखी माणसं होती त्यात. आकार चांगला दिसेना, म्हणून मी कापली. चूक माझी आहे."

सुशीलाबाईंनी प्लॅस्टर नसलेल्या हाताने कागद घेतला.

"म्हणजे मला खरंच चक्कर येत होती?"

"हो."

"आजचीही गोळी घेतलीय मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या कागदाच्या भरवशावर."