चार दशांशाचा नेम

मी बोलतोय तो धक्क्यावरच्या लाकडी पेटीतून. मी एक थर्मामीटर. अंग काचेचं, अंगरखा पितळेचा आणि काम समुद्राचा ताप बघण्याचं.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका बेटावर समुद्रजीवांचा अभ्यास करणारं छोटंसं केंद्र आहे. तिथे मी एकसष्ट साली आलो. रोज सकाळी आठला मला दोरीने पाण्यात सोडायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि काचेवर श्वास न सोडता आकडा वाचून वहीत लिहायचा, हा तिथला नेम. केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या ओडवारने तो चौतीस वर्षं पाळला. लग्नाच्या दिवशीही तो आधी धक्क्यावर आला आणि ओल्या बाहीनेच चर्चमध्ये गेला.

माझ्यात एक दोष मात्र जन्मापासूनचा. घडवताना माझी पट्टी केसभर सरकली होती. मी खऱ्यापेक्षा चार दशांश अंश जास्त दाखवायचो. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ओडवार निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात विजेवरचा नवा मापक आला. सकाळी तो पाण्यात उतरला, दुपारी मी कॉफीच्या खोलीत भिंतीवर गेलो. दोघांना एक दिवस तरी एकत्र बुडवावं, असं कुणाच्या मनात आलं नाही.

मग इंगविल आली, तीन वर्षांच्या मुदतीवर. धक्क्याखालचे काळे शिंपले वसंतात अंडी कधी सोडतात, याच्या जुन्या नोंदी ती समुद्राच्या तापाशी ताडून बघत होती. शिंपले दरवर्षी थोडी जास्तच घाई करत होते. पाणी तापतंय, असं त्यांचं म्हणणं. वही मात्र म्हणत होती, सहा वर्षांपूर्वी समुद्र एका रात्रीत गार झाला. मुदत संपायला चार महिने उरले होते आणि तिचं सगळं काम याच गाठीत अडकलं होतं.

"खोटारडे आहेत तुझे शिंपले," शेजारच्या टेबलावरचा दुआर्त म्हणाला. तो पोर्तुगालचा, समुद्रशेवाळ अभ्यासणारा. "शेवटची सहा वर्षं गाळून टाक. सुटशील."

"त्यातली तीन माझी आहेत रे. थंडीत गुडघाभर पाण्यात उभी राहून मोजलीयत मी."

शनिवारी ओडवार नेहमीसारखा वॅफल खायला आला. इंगविल माझ्याकडे बघत उभी होती. तिने सहज विचारलं, "ओडवार, नवा आणला तेव्हा दोन्ही एकत्र बुडवले होते ना?"

ओडवारने हातातलं वॅफल बशीत ठेवलं. "मला कुणी विचारलंच नाही गं. आणि मीही तोंड उघडलं नाही. रुसून बसलो होतो."

मग त्यानेच मला खिळ्यावरून उतरवलं आणि स्वेटरच्या बाहीने पुसलं. "चाळीस सकाळी," तो म्हणाला. "एकही चुकवायची नाही."

त्या चाळीस दिवसांनी माझ्या जन्माचं सार्थक केलं. नवा आणि मी एकाच दोरीला, शेजारी शेजारी. तेविसाव्या दिवशी वादळ होतं. ओडवारने इंगविलचा पट्टा मागून घट्ट धरला होता. "चार घास जास्त खात जा पोरी. उडालीस तर तुझाच ताप मोजायची पाळी येईल."

"तुम्ही आकडा वाचा आधी," ती ओरडली.

चार दशांश जास्त. त्या दिवशी, आदल्या दिवशी, चाळिसाव्या दिवशीही. कधी तीन नाही, कधी पाच नाही.

इंगविलने माझ्या सगळ्या जुन्या आकड्यांतून चार दशांश वजा केले. वहीतल्या आकड्यांवरून काढलेली, मध्येच तुटलेली रेघ जुळली आणि सरळ वर चढत गेली. समुद्र तापतच होता. शिंपले खरं बोलत होते.

दुआर्तने बराच वेळ ती रेघ बघितली. मग केंद्रातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी जाऊन तिथल्या शिंपल्यांना म्हणाला, "माफ करा हं." व्रताचं उद्यापन व्हावं तसं त्या दिवशी सगळ्यांनी मिळून वॅफल केली, वर तपकिरी चीज घातलं. ओडवारने पहिलं वॅफल माझ्यासमोर ठेवलं.

मी चुकत होतो, हे मान्य. पण रोज तेवढाच चुकलो, म्हणून माझी चूक पुसता आली. नेमाने उभं राहणाऱ्याचा दोषसुद्धा कुणाच्या तरी कामी येतो, हा माझा अभिमान आहे.

आता मी भिंतीवर नसतो. दर महिन्याच्या एक तारखेला मला नव्याच्या शेजारी पाण्यात सोडतात. तुमच्या घरी, तुमच्या कामात नवं येईल तेव्हा एवढंच करा. जुन्याला भिंतीवर टांगण्याआधी दोघांना चार दिवस एकत्र पाण्यात उभं राहू द्या.

आज एक तारीख. आठ वाजत आलेत. फळ्यांवर इंगविलची पावलं वाजतायत, आणि तिच्या मागे ओडवारची, जरा सावकाश.