एकशे त्रेचाळीस जणांचा वाढदिवस

वाळूजच्या त्या कारखान्यात करुणाचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे, कारण ती उगाच बोलतच नसे. जुन्या नोंदी नव्या संगणकात चढवायचं काम तिचं. पण ती तीन दिवस रजेवर गेली आणि पुण्याच्या मुख्य कचेरीतून आलेल्या अभयसरांनी ते घाईघाईनं उरकून टाकलं. परत आली तर दारातच मोतीरामकाका उभे, हातात निवृत्तीचं पत्र.

“ताई, सहा जानेवारीपासून घरी बसा म्हणतेत. मला तर जूनपस्तोर नोकरी हाय. भामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चात धरलंय, कंपनीच्या विम्याच्या कार्डावर. नोकरीच गेली तर कार्ड कुठलं?”

काकांची तीस वर्षं प्रेस मशीनवर गेली होती, आणि त्यांची बायको भामाबाई वर्षभर भिंत धरून चालत होती. करुणाला वाईट वाटलं, संतापही आला. पण हातपाय गाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. काकांना खुर्ची देऊन ती संगणकापुढं बसली.

जुन्या नोंदींत जन्मतारखा नुसत्या आकड्यांत होत्या. दिवस आधी की महिना आधी, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. सरांनी वापरलेला प्रोग्राम प्रत्येक तारीख स्वतःच्या अकलेनं वाचत होता. २५/१२ आली की पंचविसावा महिना नसतो एवढं त्याला कळे, मग तो दिवस आधी धरी. काकांच्यासारखी ०१/०६ आली की मात्र स्वारी अमेरिकेच्या रिवाजानं महिना आधी धरून, सहा जानेवारी करून मोकळी. बऱ्याच तारखा बरोबर निघत, त्यामुळे चुकीच्या कुणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

कोणत्या दिवशी किती जण जन्मले, ते करुणानं मोजायला लावलं. सहा जानेवारीला एकशे त्रेचाळीस.

अभयसर मागं येऊन उभे राहिले. “हे पाहून मीही चक्रावलो होतो. एकाच दिवशी एवढे जन्मतात होय? बोगस नोंदी आहेत या.”

“सर, तुमचं नाव शाळेत घालताना आईनं दवाखान्याचा कागद नेला असेल. आमच्या पाचोडकडं मास्तर पोराकडं नुसतं बघायचे, अंदाजानं साल ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. माझे वडील एक जूनचे, तिन्ही काका एक जूनचे. हा ढीगच पुरावा आहे. दिवस आधी!”

“आणि तुझा अंदाज चुकला तर?”

“या एकशे त्रेचाळिसांतल्या कुठल्याही दहा फायली काढा. एक जरी सहा जानेवारीची निघाली, तर महिनाभर तुमचा चहा माझ्याकडं.”

सरांनी हट्टानं बारा काढल्या. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अक्षरांतही असते. बाराही दाखल्यांवर एकच: एक जून. सरांनी काकांचं पत्र स्वतःच फाडलं, आणि करुणानं प्रोग्रामला दिवस आधी धरायला सांगून सगळ्या तारखा नव्यानं वाचून घेतल्या.

काका मात्र जागचे हलेनात. सर गेल्यावर हळूच म्हणाले, “ताई, एक सांगू? तुमचं मशीन लई खोटं नाय बोललं. माय म्हणायची, तू झालास तव्हा संक्रांत आठ दिवसांवर व्हती.”

करुणानं बोटांवर दिवस मोजले. “म्हणजे सहा जानेवारीच की! आणि साल?”

“विहिरीला पाणी लागलं ते साल. आकडा तिला कुठून ठावं?”

करुणाला हसू आवरेना. “मग राहू द्या काका. मास्तरांच्या तारखेवर शाळेत बसलात, नोकरीला लागलात. भामामावशींचं ऑपरेशनही त्याच तारखेवर होऊ द्या.”

सहा जानेवारीला, ज्या सकाळी गळ्यात निरोपाचा हार पडायचा होता, त्या सकाळी काका पहिल्या पाळीला हजर झाले. हातात गुलमंडीच्या बाजारातून आणलेला पेढ्यांचा पुडा.

“काय विशेष, काका?”

“वाढदिवस हाय माझा,” काका नव्या नवरदेवासारखे लाजले. “जन्मात पयलाच. भामा म्हणली, मशीननं हुडकून दिलाय, तर करा की साजरा.”